हे खरे आहे काय?

विधानसभेत मंत्र्यांना विचारायच्या तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात, मग 'हे खरे आहे काय', त्याखाली 'असल्यास' आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. विधानसभा सदस्यांसाठी प्रश्नांचे मसुदे लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. साचा तोंडपाठ झाला, पण त्यात काय लिहायचं हे दर अधिवेशनाला नव्यानं शोधावं लागतं. ते मुंबईत बसून सापडत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमचा इन्सुली गाव मुंबई-गोवा महामार्गावर, सावंतवाडी आणि बांदा यांच्या मधे. बाहेरच्यांना तो तपासणी नाक्यामुळे माहीत. गावातल्या कित्येक घरांचं वर्ष मात्र काजूवर चालतं. 2016 मध्ये दोडामार्गात माकडताप आला आणि पुढच्या वर्षी बांदा परिसरात पसरला. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडलेला या तापाचा विषाणू गोचिडीमार्फत माणसात येतो. रानात माकडं मरून पडायला लागली की माणसांनी सावध व्हायचं. जानेवारी ते मे हा त्याच्या जोराचा काळ, आणि बागेत वाकून काजूच्या बिया गोळा करायचे दिवसही तेच. तेव्हा घरी बसून राहा, हा सल्ला कुणाच्याच उपयोगाचा नव्हता.

त्या दिवसांत गावी आलो असताना शेजारच्या काकी अंगणात बिया सुकत घालत होत्या. प्रश्न टाकायला आमदारसाहेबांना सांगतो, असं म्हणालो. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "सरकार काय करता ता माका नको. बांद्याच्या दवाखान्यात लस कधी येतली, ताच ईचार. आनी दुसरी सुई खंय गावतली?"

या कामातलं मर्म इतक्या थोडक्यात मला कुठल्याही नियमावलीत मिळालं नाही.

नवखा माणूस लिहितो : 'सिंधुदुर्ग जिल्ह्यात माकडतापाने हाहाकार माजला असून शासनाचे त्याकडे अक्षम्य दुर्लक्ष होत आहे, हे खरे आहे काय?' यावर छापील उत्तर येतं, 'हे खरे नाही.' खालच्या दोन्ही भागांना, 'प्रश्न उद्भवत नाही.' मंत्री खोटं बोललेले नसतात. हाहाकार कशाला म्हणायचं आणि दुर्लक्ष कुठून सुरू होतं, हे ठरवायचं काम प्रश्नानंच त्यांच्याकडे सोपवलेलं असतं. काकींचा प्रश्न साच्यात बसवला की तो असा होतो : बांदा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात अमुक तारखेपर्यंत किती रुग्ण आढळले, किती जणांचे रक्तनमुने तपासणीसाठी पाठवले आणि अहवाल किती दिवसांत आले, लसीची पहिली मात्रा किती जणांना दिली, महिन्याच्या अंतरानं द्यायची दुसरी मात्रा त्यांपैकी किती जणांना मिळाली. इथे 'हे खरे नाही' म्हणायला जागाच नाही. कुणाला तरी नोंदवही उघडावी लागते.

म्हणून मसुद्यातली विशेषणं मी निर्दयपणे कापतो. लोकसभेच्या नियमांतही प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, दोषारोप नको असं सांगितलं आहे. सहसा 150 शब्दांच्या वर जायचं नाही. अनेक सदस्यांना हे जाचक वाटतं. मला तो प्रश्नकर्त्याच्या हिताचा नियम वाटतो. राग खराच असतो, पण तो मसुद्यात उतरला की उत्तर देणाऱ्याचं काम सोपं होतं.

या हक्काची सुरुवातही अशाच लहानशा गोष्टीवरून झाली. ब्रिटिश सरकारच्या 1892 च्या कायद्यानं कायदे कौन्सिलच्या सदस्यांना प्रश्न विचारायची मुभा दिली आणि 1893 मध्ये भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांना रसद पुरवताना गावच्या दुकानदारांना होणारा त्रास, हा त्याचा विषय. उपप्रश्नाचा हक्क यायला 1909 उजाडावं लागलं. खरी ताकद त्या उपप्रश्नात असते. छापील उत्तर खात्यानं तयार केलेलं असतं. सदस्य उभा राहून पुढचं विचारतो, तेव्हा मंत्र्याला स्वतःला बोलावं लागतं.

मुंदडा प्रकरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. आयुर्विमा महामंडळानं एकाच उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. 1957 मध्ये लोकसभेत प्रश्न आला, तेव्हा पहिल्या उत्तरातून फारसं हाती लागलं नाही. मग तो पुन्हा, जास्त नेमका होऊन आला. राम सुभग सिंग आणि फिरोज गांधी हे प्रश्नकर्ते सत्ताधारी पक्षाचेच होते. डिसेंबरात फिरोज गांधींनी सभागृहात सगळा हिशेब मांडला. न्यायमूर्ती छागलांनी जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. पहिल्या उत्तरावर ही माणसं थांबली असती, तर तो व्यवहार कागदातच राहिला असता.

आमच्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघानं तर 1957 पासून 1971 पर्यंत नाथ पै आणि त्यानंतर 1991 पर्यंत मधु दंडवते संसदेत पाठवले. दंडवत्यांनी कोकण रेल्वेचा प्रश्न विरोधी बाकावरून लावून धरला आणि 1977 मध्ये स्वतः रेल्वेमंत्री झाले. म्हणजे उत्तर देण्याची पाळी त्यांच्यावर आली. आपटा-रोहा टप्प्याचं पाऊल त्यांच्या काळात पडलं. रोह्यापासून पुढची पूर्ण रेल्वे धावायला 26 जानेवारी 1998 उजाडला. एवढं लांबलेलं काम दर अधिवेशनात जिवंत ठेवायला लागणारी चिकाटी आजच्या आमदारांत मला हवी आहे. वाहिन्यांचे कॅमेरे एका दिवसानंतर निघून जातात.

सप्टेंबर 2020 मध्ये करोनाचं कारण देऊन संसदेचं अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाशिवाय झालं. लेखी उत्तरं मिळत होती, पण उपप्रश्न गेला. तो निर्णय मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही.

तरी लेखी उत्तराला मी कमी लेखत नाही. यादीतले पहिले काही प्रश्नच तासाभरात पुकारले जातात, बाकीच्यांना छापील उत्तरावर भागवावं लागतं. ते उत्तर गावी पोचवायचं, ग्रामसभेत वाचायचं. 'कार्यवाही करण्यात येईल' असे शब्द मंत्र्यांनी सभागृहात उच्चारले असतील, तर तारीख टिपून ठेवायची. पाठपुराव्याला आश्वासन समिती आहे. उत्तरात आकडे असतील तर एकमेकांशेजारी मांडून पाहायचे. दुसऱ्या मात्रेचा आकडा पहिल्यापेक्षा कमी असेल, तर पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तिथेच तयार झाला : हा फरक कशामुळे पडला, आणि राहिलेल्यांना लस कोणत्या तारखेपर्यंत मिळणार?