समाजाची वेबसाइट आणि जाऊबाईंची वही



मागच्या महिन्यात काही लिहिलं नाही म्हणून दोघी-तिघींचे फोन आले. तब्येत बरी आहे. लातूरच्या फेऱ्या चालू होत्या. नांदेडहून सकाळची एसटी धरायची, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं, आणि दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवण उरकायचं. कारण ऐकून हसाल. वेबसाइट.

झालं असं. दशलक्षणात लातूरच्या मंदिराचा कार्यक्रम बघायला मी समाजाची वेबसाइट उघडली, तर तिथे कसल्यातरी औषधांच्या जाहिराती. परक्या भाषेत. भगवंतांच्या फोटोच्या जागी बाटल्या! मी घाबरून फोनच बंद केला. ही साइट २०१२ साली एका मुलाने करून दिली होती. तो पुढे नोकरीला बाहेर गेला, त्याचा नंबर लागत नाही. त्याला तरी काय बोलणार? करताना एकदा पैसे दिले आणि नंतर दहा-बारा वर्षं कुणी विचारलं नाही. घराला रंग दिला की संपलं असं नसतं, दर पावसाळ्याआधी गच्ची बघावी लागते. ती कुणी बघितली नाही.

साइट गेली त्याचं मला एवढं वाईट वाटलं नसतं. पण तिच्यात माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या चौमाशातल्या पाककृती होत्या. कांदा, लसूण, बटाटा नाही, पालेभाजी नाही, तरी चार महिने रोज ताटात काहीतरी वेगळं. कच्च्या केळीचं, मुगाचं, सांडग्याचं, कैरीच्या वाळवणाचं. त्या सांगायच्या आणि नात टाइप करायची. एकंदर ५२ झाल्या होत्या. जाऊबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची हाताने लिहिलेली वही घर बदलताना कुठल्या गठ्ठ्यात गेली, कुणालाच माहीत नाही. म्हणजे एकच प्रत होती, आणि ती त्या बाटल्यांच्या मागे.

नवी साइट कशात करायची यासाठी मंदिरात बैठक बसली. खजिनदार म्हणाले, एखाद्या कंपनीची तयार साइट भाड्याने घेऊ, महिन्याचे पैसे टाकले की डोक्याला ताप नाही. एक तरुण म्हणाला, सगळं जग वर्डप्रेस वापरतं, तेच घ्या. तिसऱ्याने विचारलं, मग तेव्हा जुमला कशाला घेतलं? आणि चौथा माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुम्ही बी.कॉम. आहात. जरा आकडे काढून सांगा ना." १९८२ ची बी.कॉम.! पण कुणी आकडे काढ म्हटलं की मला अजून हुरूप येतो. पुण्याला भाची कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, तिला रोज रात्री फोन करून पिडलं.

आधी हे काय असतं ते आपल्या भाषेत सांगते. वेबसाइटवरचा मजकूर म्हणजे डबे, आणि ते ज्यावर लागतात ती मांडणी. या मांडणीला सीएमएस म्हणतात. मांडणी असली की तुमच्या-माझ्यासारखीलाही डबा ठेवता-काढता येतो, दरवेळी सुतार बोलवावा लागत नाही. काही मांडण्या कंपनीच्या मालकीच्या, भाड्याने मिळणाऱ्या. काही खुल्या, म्हणजे त्यांचा आतला नकाशा सगळ्यांना उघडा असतो. कुणीही घ्यावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. खुल्यांमध्ये तीन नावं वर्षानुवर्षं घेतली जातात: वर्डप्रेस, जुमला आणि ड्रुपल.

नावांच्या गोष्टी गमतीच्या आहेत. ड्रुपल बेल्जियममधल्या ड्रीस ब्यूटार्ट नावाच्या विद्यार्थ्याने २००१ मध्ये खुलं केलं. त्याला डच भाषेतला गाव या अर्थाचा शब्द हवा होता, पत्ता नोंदवताना अक्षरं चुकली आणि 'थेंब' झाला. त्या थेंबावरूनच पुढे ड्रुपल. वर्डप्रेस २७ मे २००३ चं. मॅट मुलनवेग हा अमेरिकेतला १९ वर्षांचा मुलगा आणि इंग्लंडमधला माइक लिटल यांनी दुसऱ्याचं बंद पडत चाललेलं एक काम उचलून पुढे नेलं. आणि जुमला २००५ चं. ते मँबो नावाच्या मांडणीतून वेगळं निघालं, भाऊ वाटण्या करून निघतात तसं. त्याचं नाव स्वाहिली भाषेतून घेतलं, अर्थ 'सगळे मिळून'. मूळ शब्द अरबी. हे वाचलं आणि मला सासऱ्यांची निजामाच्या काळातली कागदपत्रं आठवली. बेरजेच्या ओळीला तिथे 'जुमला' असंच लिहिलेलं असायचं! आपल्या मराठवाड्याला हा शब्द शिकवायची गरजच नाही.

आता आकडे. डब्ल्यू-थ्री-टेक्स नावाची एक ऑस्ट्रियातली संस्था रोज मोजणी करते. तिच्या हिशोबाने जगातल्या सुमारे ४३ टक्के वेबसाइट वर्डप्रेसवर आहेत. जुमला दीड टक्क्याच्या आसपास, ड्रुपल एक टक्क्याच्या आसपास. पण दुसरीकडे वाचलं तर वर्डप्रेसचा वाटा ६० टक्क्यांच्या वर! मी भाचीला म्हटलं, तुमच्यात हिशोब जमत नाही वाटतं कुणाला. मग लक्षात आलं, छेद वेगळा आहे. ४३ टक्के सगळ्या वेबसाइटपैकी, आणि ६० टक्के फक्त मांडणी वापरणाऱ्यांपैकी. समाजातल्या एकूण घरांपैकी किती घरी चौविहार पाळतात आणि रोज मंदिरात येणाऱ्यांपैकी किती पाळतात, ही दोन उत्तरं वेगळीच येणार. टक्के सांगणाऱ्याला पहिला प्रश्न 'कशाचे?' हा विचारायचा, एवढं तरी मला पीपल्स कॉलेजने शिकवलं.

मग मी मागचे आकडे काढले आणि वहीत मांडले. २०११ च्या सुरुवातीला वर्डप्रेस १३ टक्के, जुमला अडीचच्या जरा वर, ड्रुपल दीडच्या आत. तेव्हा जगातल्या तीन चतुर्थांश साइटना ओळखता येईल अशी मांडणीच नव्हती, हाताने बांधलेल्या. आता तशा तीस टक्क्यांच्या आसपास उरल्या. म्हणजे बघा, मांडणीवाल्यांपैकी वर्डप्रेसचा वाटा तेव्हा ५५ टक्क्यांच्या आसपास होता आणि आता ६० च्या थोडा वर. वरवर १३ चे ४३ दिसतात, पण त्यातली बहुतेक वाढ दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढून आलेली नाही. ज्यांच्याकडे मांडणीच नव्हती ते नवे आले, आणि आले ते बहुतेक वर्डप्रेसच्या दुकानात. जुमलाचं खरं दुःख इथे कळतं. मांडणीवाल्यांत त्याचा वाटा ११ टक्क्यांवरून २ वर आला. बाजार तिप्पट वाढला आणि तो जागेवरही टिकला नाही. २०१२ साली आमच्या मुलाने जुमला निवडलं ती काही चूक नव्हती. तेव्हा ते दोन नंबरचं होतं.

भाची म्हणाली, जुमला आणि ड्रुपल दोघांनीही मधल्या काळात अशा मोठ्या दुरुस्त्या केल्या की जुनी साइट नव्या आवृत्तीवर नेणं म्हणजे घर पाडून बांधणं. ड्रुपल ८ हे २०१५ मध्ये जवळजवळ नव्याने लिहिलं गेलं, आणि त्याआधीच्या ७ ची देखभाल थेट ५ जानेवारी २०२५ पर्यंत चालू ठेवावी लागली, इतके लोक जुन्या घरातच राहिले. वर्डप्रेसने जुने डबे नव्या मांडणीवर बसतील याची काळजी घेतली. लहान गिऱ्हाइकाला तेच हवं असतं.

तरी मी एक टक्क्याला हसणार नाही. मराठीत तर चित्र उलटंच आहे. मायबोली, जी १९९६ पासून आहे, मनोगत, २००७ ची मिसळपाव, ऐसी अक्षरे, जिथे मराठी माणसं वर्षानुवर्षं लिहीत, भांडत, पाककृती देत आली, त्या सगळ्या ड्रुपलवर. पत्त्यात 'नोड' शब्द आणि पुढे आकडा दिसतो ना, ती ड्रुपलची खूण. एकाच जागी शेकडो लोकांनी लिहायचं आणि त्याखाली चर्चा लांबत जायची, त्याला ते सोयीचं पडलं. मोजणीत मात्र अख्खी मायबोली एक, आणि कुणाच्या दुकानाचं दोन पानी काम तेही एक. लातूरच्या अडतीत पोत्यांऐवजी गाड्या मोजल्या, तर बैलगाडीही एक आणि ट्रकही एक! २०१६ च्या फेब्रुवारीत ड्रुपलवाल्यांचं आशियाचं संमेलन मुंबईला आयआयटीत भरलं होतं, म्हणजे आपल्याकडे जाणकार नाहीत असं नाही. पण ते मुंबई-पुण्यात. लातूरला कोण?

इथेच माझं मत ठरलं. आमच्या घरी बजाजची स्कूटर होती आणि शेजाऱ्यांकडे जावा मोटारसायकल. जावा देखणी होती, आवाज काय तिचा! पण अहमदपूरच्या रस्त्यावर बंद पडली तर ट्रकमध्ये घालून आणावी लागायची. बजाजचा मिस्त्री दर तालुक्याला. ४३ टक्क्यांचा अर्थ माझ्यापुरता एवढाच, की लातूर-नांदेडच्या कुठल्याही कॉम्प्युटर क्लासमधला मुलगा ती खोलू शकेल. शिवाय तिचा आतला पडदा मराठीत दिसतो.

दोष सांगितले नाहीत असं नको. जास्त घरं म्हणून चोरांचीही नजर जास्त, आणि बाहेरून बसवलेले जोडभाग वेळेवर बदलले नाहीत तर चोर तिथूनच शिरतो. शिवाय २०२४ मध्ये वर्डप्रेसचे मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन नावाची कंपनी यांचं भांडण अमेरिकेत कोर्टात गेलं. एवढा मोठा वाटा आणि चाव्या थोड्यांच्या हातात, ही धाकधूक आहेच.

खजिनदारांच्या भाड्याच्या साइटबद्दल मी एकच विचारलं: भाडं थांबलं तर आपले डबे कशातून आणायचे? मजकूर कदाचित मिळेल, पण मांडणी कंपनीची. खुल्या मांडणीची मूळ प्रत आपल्याकडे ठेवता येते. आपल्याकडे दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे नावाच्या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या. शास्त्रदान म्हणून आपण तिचं नाव घेतो. व्यवहाराच्या बाजूने बघितलं तर तिने ग्रंथ एका कपाटावर अवलंबून राहू दिला नाही.

आणि खुलेपणाचा उपयोग मला हातोहात दिसला. होस्टिंगवाल्यांकडे साइटची एक जुनी प्रत शिल्लक होती. भाचीने ती मागवली. जुमलाचा नकाशा जगाला माहीत असल्याने कुठल्या तक्त्यात मजकूर असतो हे तिला शोधावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन, "मामी, बसून ऐका." आणि तिने वाचायला सुरुवात केली. 'आधी कढई चांगली तापू द्यावी, घाई करू नये.' शब्द न् शब्द जाऊबाईंचा. मी फोन धरून नुसतीच बसले होते. ती दोनदा म्हणाली, "मामी, आहात ना?"

५२ पैकी ४१ जशाच्या तशा निघाल्या. सातांमध्ये अक्षरांच्या जागी विचित्र खुणा होत्या, त्या भाचीने उलट्या फिरवून मराठी केल्या. शेवटच्या चार मात्र साइट नव्या सर्व्हरवर नेल्यानंतर टाकलेल्या. तिथे मराठी अक्षर ठेवायची सोयच केली नव्हती, म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह झालं. ती आता परत येत नाहीत म्हणे.

दुसऱ्या बैठकीत वर्डप्रेस ठरलं. वर्षाच्या देखभालीची रक्कम अंदाजपत्रकात वेगळी धरायला लावली, खजिनदार कुरकुरले पण धरली. दर चतुर्दशीला साइटची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवायची जबाबदारी माझ्याकडे आहे. पाककृती छापून एक जिल्द मंदिराच्या ग्रंथभांडारातही ठेवली.

आता तुमच्याकडे एक काम. त्या चारपैकी एका पाककृतीत नातीने आकडे इंग्रजीत टाइप केले होते, ते तेवढे वाचले आहेत. प्रश्नचिन्हं, मग २, मग प्रश्नचिन्हं, मग अर्धा, पुढे ४, आणि शेवटी २० मिनिटं. तारीख ११ सप्टेंबर २०१३, म्हणजे ऐन दशलक्षणातली. २ वाट्या कशाच्या, अर्धी कशाची, आणि ४ काय? मला वाटतं मुगाच्या डाळीचं काहीतरी वाफवलेलं असावं, पण मिरच्या ४ घालणाऱ्या जाऊबाई नव्हत्या, त्यांना तिखट चालत नसे. लातूरला त्यांच्याकडे दशलक्षणात कुणी पारण्याला जेवली असेल आणि आठवत असेल, तर मला कळवा.