अगं, हे ऐक

तुमच्या ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याला एकट्यानं वाचताच येत नाही. बसतं ते एकटंच, पण दोन-चार पानं होतात न होतात तोच एखादं वाक्य मनाला असं भिडतं, की ते कुणाला तरी ऐकवल्याखेरीज पुढची ओळ दिसेनाशीच होते. आमचे हे तसे होते. ते गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीत, मी स्वयंपाकघरात, आणि मधली खोली ओलांडून हाक यायची, "अगं, हे ऐक." मेथी निवडत असले तर मी परातीसकट बाहेर जायची, फोडणीपाशी असले तर आतूनच म्हणायची, "वाचा, ऐकतेय," आणि मोहरीच्या तडतडण्यातून, हिंगाच्या वासातून, निम्मं ऐकलेलं नि निम्मं मनानं जुळवून घेतलेलं असं कितीतरी मराठी गद्य माझ्या कानांवरून गेलं. कॉलेजात वाचलं ते परीक्षेपुरतं. खरं वाचन झालं ते हातात सांडशी नाहीतर विळी असताना.

त्यांचा आवाज काही रेडिओवर शोभावा असा नव्हता. थोडा घोगरा, सकाळच्या चहाआधी तर चांगलाच बसलेला. पण वाचायला लागले की तो हळूहळू मोकळा होत जाई, आणि आवडलेलं वाक्य संपलं की ते थांबत, चष्म्यावरून माझ्याकडे बघत, आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच "वा!" म्हणत. लेखकापेक्षा त्या 'वा'साठीच मी कान देऊन बसत असे.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ साली आलं. आमच्याकडची प्रत ह्यांनी लग्नाआधी, पहिल्या पगारातून घेतलेली. त्यात मराठी महिन्यांवर एकेक लेख आहे, आणि आमच्या घरचा रिवाज असा, की महिना लागला की त्या महिन्याचा लेख वाचायचा, पुढचा उघडायचा नाही. त्यामुळे चैत्राच्या लेखाला माझ्या लेखी आजही आंब्याच्या डाळीचा वास आहे, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि किसलेली कैरी यांचा, आणि आषाढाच्या लेखाला न वाळलेल्या कपड्यांचा, कारण पावसाळ्यात गॅलरीत दोऱ्या बांधलेल्या असत आणि हे ओल्या चादरींच्या आड बसून वाचत, दिसत नसत, नुसते ऐकू येत. ठाण्यात आमच्या इमारतीसमोर तेव्हा एक काटेसावर होती. फाल्गुनात ती फुलली की हे पुस्तक घेऊन खिडकीत उभे राहत, आधी झाड बघत, मग ओळ, मग पुन्हा झाड. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली, त्यानंतर फाल्गुनाचा लेख वाचताना ते खिडकीकडे पाठ करून बसायचे.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. हे तिथले जुने सभासद. शनिवारी संध्याकाळी जायचे ते परत येताना एका हातात पुस्तकं, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, आणि कोथिंबिरीचं पाणी पुस्तकाला लागू नये म्हणून ती पिशवी अंगापासून लांब धरलेली. ग्रंथालयातली पुस्तकं त्यांना आपल्या पुस्तकांहूनही आवडायची. कुणाच्या तरी हळदीच्या बोटाचा ठसा, कुणी मुडपलेला कोपरा, मध्येच सापडलेली लाँड्रीची पावती, हे सगळं ते मला आणून दाखवत. "बघ, ही बाई इथपर्यंत आली आणि कुकरची शिट्टी झाली," असं म्हणत, आणि त्या न पाहिलेल्या बाईविषयी आम्ही जेवताना बोलत असू.

दिवाळीत अंकांचा वेगळा सोहळा. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि ही चाल सुरू झाली, हे ते दरवर्षी, चकलीचा पहिला घाणा निघत असताना, नव्यानं कळल्यासारखं सांगायचे आणि मी नव्यानं ऐकायची. कोऱ्या अंकांचा तो शाईचा वास, त्यात भाजणीचा वास मिसळलेला. तेलकट हातानं अंकाला हात लावायचा नाही हा घरचा दंडक, आणि तरी प्रत्येक अंकाच्या कुठल्या ना कुठल्या पानावर उमटलेलं एक पारदर्शक बोट. ते जुने अंक मी अजून काढून टाकलेले नाहीत. ते बोट कधी माझं आहे, कधी मुलांचं, बहुतेकदा ह्यांचं.

पण त्याआधी, पाऊस परतला आणि आश्विनातलं ऊन कडक झालं, की सगळी पुस्तकं गच्चीवर जायची. हे काम ते माझ्याशिवाय कुणाला करू देत नसत. जुनी सतरंजी अंथरायची, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, कारण थेट उन्हात कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकतो. पुस्तकं पंखा उघडावा तशी उभी ठेवायची, म्हणजे पानापानांतून वारा जातो. मग एकेक घ्यायचं, पाठ मऊ फडक्यानं पुसायची, कसर दिसली तर ब्रशनं झटकायची, आणि कपाटात परत लावताना कप्प्याच्या मागे वेखंडाचे तुकडे आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला ठेवायचा. ज्याची शिवण उसवली असेल ते बाजूला पडायचं, त्याच्यासाठी संध्याकाळी मैद्याची खळ शिजवायची, चिमूटभर मोरचूद घालून, म्हणजे तिला कीड लागत नाही. त्या भांड्यात दुसरं काही शिजवायचं नाही म्हणून त्याच्या कानाला लाल दोरा बांधलेला होता. बोटानं खळ फिरवताना ते एकदम गप्प होत. एरवी इतकं बोलणारा हा माणूस पुस्तकाच्या पाठीवर कापडाची पट्टी बसवताना श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा, आणि मी समोर बसून पट्टीचं दुसरं टोक धरून ठेवायची. आमच्या संसारातल्या सगळ्यात सुखाच्या वेळा मला विचारल्या, तर मी फिरायला गेलेली गावं सांगणार नाही, त्या पट्टीचं टोक धरून बसलेल्या संध्याकाळी सांगेन.

पुढे मधुमेहानं त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला धरलं. आधी दिवाळी अंकांतला बारीक टाइप गेला, मग वर्तमानपत्र, मग भिंगाखालची अक्षरंही पुसट झाली. आता मी वाचायची आणि ते ऐकायचे. माझी सवय कानांची, वाचून दाखवायची नव्हे, मी घाईत वाचे, तर म्हणत, "स्वल्पविराम गिळू नकोस गं." पुस्तक सुरू करण्याआधी ते हातात मागून घेत, वजन बघत, वास घेत, पाठीवरून अंगठा फिरवत, आणि त्यावरून पुष्कळदा नाव ओळखत.

त्या दिवसांत आम्ही रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' वाचायला घेतलं. १८७३ साली त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या, अक्षरओळख नसलेल्या. त्यांच्या यजमानांनी, न्यायमूर्ती रानड्यांनी, लगेच शिकवायला घेतलं, घरातल्या बायकांची बोलणी सोसत त्या शिकल्या, आणि पुढे न्यायमूर्तींची नजर अधू म्हणून त्यांना वाचून दाखवू लागल्या. त्या पानांपाशी मी थांबले. हे म्हणाले, "थांबलीस का, वाच की." मी वाचलं. न्यायमूर्ती १९०१ साली गेले आणि पुस्तक आलं १९१० साली. ती मधली वर्षं रमाबाईंनी कशी काढली असतील, कोणत्या कामात हात चालत असताना मनात कोणतं वाक्य जुळत असेल, याचा विचार तेव्हा मी केला नव्हता. आता करते.

गेल्या श्रावणात हे गेले. ते कसं, काय, हे सांगत नाही, तुम्हीही विचारू नका.

भेटायला येणारी माणसं चांगल्या मनानं म्हणतात, "तुम्हाला वाचनाची आवड आहे, ते एक बरं, मन रमतं." आवड आहे खरी. पण घर आता इतकं शांत आहे, की दुपारभर वाचलं तरी मध्ये कुणी हाक मारत नाही, आणि मी मात्र दर दोन पानांनी मान वर करते. चांगलं वाक्य भेटलं की ते तसंच हातात राहतं, वाढून ठेवलेल्या पानासारखं. लेकीला फोन करून ऐकवावं तर ती म्हणते, "छान आहे गं आई," आणि ते तिला खरंच छान वाटलेलं असतं, पण तिच्या 'छान'ला चष्म्यावरून बघणं नाही. तक्रार नाही ही. तिचा तिच्या घरी कुणीतरी ऐकणारा आहे, आणि त्याचं मला फार बरं वाटतं.

पुस्तकांतली बरीचशी त्यांच्या कोकणातल्या गावच्या शाळेला दिली, तशी त्यांचीच इच्छा होती. खोकी भरताना प्रत्येक पुस्तक चाळलं, आणि ज्यांत त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या ती बाजूला काढली. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सगळ्यात जास्त खुणा निघाल्या. मी मूळची नाशिकची, लक्ष्मीबाईंच्या मुलखातली, म्हणून ते पुस्तक घरात माझं मानलं जाई, आणि त्यावर आमचं कायमचं भांडण होतं. १८९५ साली त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, ख्रिस्ती धर्म घेतला आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या, तो भाग आला की हे टिळकांची बाजू घेत. ज्याला आतून एवढं ठाम वाटलं तो माणूस दुसरं काय करणार, असं ह्यांचं म्हणणं. मी म्हणायची, वाटू दे ना, पण ज्या बाईचं आयुष्य त्यापायी उलटंपालटं होणार, तिला आधी विश्वासात घ्यायचं होतं की नाही? त्यावर ते म्हणत, तिनंच त्यांना माफ केलंय, तू कोण? आणि खरंच, नवरा १९१९ साली गेल्यानंतर इतक्या वर्षांनी, १९३४ ते ३६ मध्ये जे चार भाग निघाले, त्यांत त्या बाईनं त्याचे सगळे राग, सगळा विक्षिप्तपणा लिहिला आणि एका ओळीतही त्याला परका होऊ दिला नाही.

तर त्या भागाच्या समासात ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे, "सौ.चं म्हणणं थोडं बरोबर." तारीख नाही. केव्हा लिहिलं, मला सांगितलं का नाही, काही कळायला मार्ग नाही. पेन्सिल पुसट आहे म्हणजे जुनं असणार. परवा मी तो सगळा भाग मोठ्यानं वाचून काढला, स्वल्पविराम न गिळता. 'थोडं' मला मान्य नाही. आणखी दोन ठिकाणी लक्ष्मीबाईंचंच बरोबर आहे, ती मी पेन्सिलीनं समासात टिपून ठेवली आहेत.