चढाई कोणाच्या पैशाने?

भाचा किलिमांजारो चढणार आहे आणि कर्करोग झालेल्या मुलांसाठी देणगी मागतो आहे. मी देणारच, पण आधी विचारणार, की विमानाचं तिकीट, तिथल्या उद्यानाची फी, वाटाड्याचा खर्च कुठून? काही मोहिमांत जमलेल्या निधीतूनच हा खर्च भागवतात. देणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवं. माझ्या मते हौस स्वखर्चानेच करावी.

शिवाय ५,८९५ मीटर उंच शिखरावरच्या फोटोत हमाल क्वचितच दिसतात. तंबू, शिधा, भांडी डोक्यावर घेऊन ते आपल्याआधी मुक्कामी पोचतात, कधी झिजलेल्या बुटांनी. त्यांच्या मजुरीत, जेवणात, गरम कपड्यांत काटकसर करून आजारी मुलांसाठी पैसे जमवणं मला पटत नाही. एकाचं दुःख हलकं करताना दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं वाढता कामा नये.