डब्याच्या पत्र्यातला कवडसा

घरातली कोणतीही वस्तू टाकायची नाही, असा आमच्या आईचा दंडक आहे. तेलाचा रिकामा डबा म्हणजे तिच्या लेखी निम्मा संसार! तेव्हा गेल्या गणेशोत्सवात मी त्यातलाच एक डबा कात्रीने कापायला घेतला, त्या वेळी घरात केवढा हलकल्लोळ माजला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

“अहो, या वयात कल्हईवाल्याचा धंदा काढताय की काय?” सौभाग्यवतींनी विचारले.

“गोबो करतोय,” मी म्हणालो.

गोबो हा कोबीचा भाऊबंद असावा, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. पण दोष त्यांचा नाही. आठ दिवसांपूर्वी मलाही हा शब्द ठाऊक नव्हता. आमच्या सोसायटीतली मुले उत्सवात एकांकिका करणार होती. चाळीतल्या एका खोलीची गोष्ट. नेपथ्याला पैसा नव्हता. होता तो एक काळा पडदा, एक पांढरी भिंत आणि माझा भाचा. हा भाचा नाटकांच्या मागे दिवे लावीत हिंडतो. तो म्हणाला, “मामा, खिडकी बांधायची कशाला? खिडकीचा उजेडच पाडू!”

प्रकार मोठा गमतीचा आहे. प्रोफाइल नावाचा एक दिवा असतो. त्यात मागे बल्ब, पुढे भिंगे आणि मध्ये एक फट. त्या फटीत तळहाताएवढा नक्षी कापलेला पत्रा सरकवायचा, की ती नक्षी रंगमंचावर पुरुषभर उंचीची होऊन उमटते. भिंग पुढेमागे केले, की कडा धारदार होतात किंवा धुक्यासारख्या विरतात. फ्रेनेल नावाच्या दिव्यात मात्र हा खेळ चालत नाही; त्याचा उजेड मुळातच मऊ.

तापस सेन (१९२४–२००६) या बंगाली कलावंताचे नाव भाच्याच्या तोंडून नेहमी ऐकतो. उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या १९५९ सालच्या नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी चढताना त्यांनी कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात दाखवले, ते केवळ उजेडाच्या बळावर. हे ऐकल्यापासून पार्ल्याचे दीनानाथ असो, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे असो की आमचे मुलुंडचे कालिदास, नायिका रडत असली तरी मी मान वर करून दिवेच पाहत बसतो!

आता आमची खिडकी. माझा पहिला गोबो लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा होता. हजार वॅटच्या दिव्याने त्याचा बघता बघता धूर केला. (एलईडी आल्यापासून ही आग बरीच कमी झाली म्हणतात, पण आमच्या वाट्याला भाड्याचा जुना दिवा आला होता.) म्हणून पत्रा. पत्र्यात एक पेच असतो. जो भाग कापाल तिथून उजेड जातो, जो ठेवाल त्याची सावली पडते. खिडकीबाहेरच्या पिंपळाची पाने दाखवायची, तर पान अधांतरी राहत नाही; त्याला देठ हवा, देठाला फांदी हवी, आणि फांदी कुठे तरी चौकटीला चिकटलेली हवी. नाही तर पान गळून पडते.

खिडकी कोणती काढायची, हे मी कुणाला विचारले नव्हते. हाताने आपोआप आमचीच काढली. याच जागेवर आमची चाळ होती. २०१४ साली ती पाडली आणि २०१८ साली आम्ही सातव्या मजल्यावर राहायला आलो. संमतीच्या कागदावर आईने सही केली होती. पण ती मी ‘इथे कर’ म्हणून बोट ठेवले तिथे केली होती, एवढेच. त्यानंतर ती माझ्याशी बोलत असे; पण जुन्या घराविषयी अवाक्षर नाही. खाली उतरणेही तिने सोडले होते. गुडघ्यांचे निमित्त होते. लिफ्ट चालू असते, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

रंगीत तालमीला तिला खुर्चीवर बसवून नातवंडांनी बळेच खाली आणले. दिवा लागला. पांढऱ्या भिंतीवर सकाळचे तिरपे ऊन पडले, गजांच्या सावल्या पडल्या, पिंपळ हलल्याचा भास झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मान ताठ केली.

“चुकलं,” आई म्हणाली.

“काय चुकलं?”

“आपला एक गज गंजून पडला होता. तिथल्या उन्हाचा रुंद पट्टा देव्हाऱ्याच्या बाजूला पडायचा. तू दाराच्या बाजूला पाडलास.”

मी पाहतच राहिलो. त्या पडलेल्या गजाच्या जागेतून आई शेजारच्या काकूंना आमटीची वाटी द्यायची, आणि तिकडून कधी रिकामी वाटी परत यायची नाही. तो पट्टा मी आठवणीने कापला होता. पण भिंगातून चित्र उलटे पडते. वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडेही. म्हणून पत्रा चाकासारखा अर्धा फिरवून घालायचा असतो. मी तो पोळीसारखा उलथला होता! खालीवर जमले, पण डावेउजवे फसले. एवढ्या माणसांत ते एकटीला दिसले. आणि तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली!

“थांब, आत्ता करतो,” म्हणून मी शिडीवर चढलो, हात भाजून घेतला आणि पत्रा नीट बसवला. पट्टा देव्हाऱ्याच्या बाजूला गेला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सही करताना मला एवढंच वाटलं होतं रे, की निदान एकदा विचारशील, ‘आई, तुला काय वाटतं?’”

मी शिडीवरच होतो. “चुकलं,” मी म्हणालो. या वेळी काय चुकले, ते तिने विचारले नाही.

एकांकिकेला बक्षीस वगैरे काही मिळाले नाही. उत्सव संपल्यावर आईने तो पत्रा मागून घेतला. मला वाटले, ट्रंकेत जाणार. पण तिने तो दोऱ्याने आपल्या खोलीच्या खिडकीला टांगला आहे. सकाळी आठच्या सुमाराला तळहाताएवढा कवडसा खिडकीच्या कट्ट्यावर उतरतो. पिंपळ, गज आणि तो रुंद पट्टा. मी अजूनही अधूनमधून विचारतो, “आई, बाजू बरोबर आहे ना?”

“सूर्याला शिकवू नकोस,” ती म्हणते, आणि काठी घेऊन खाली फिरायला निघते.