घासाघीस

बायबलमधल्या अब्राहामच्या कथांमधली मला सगळ्यात आवडणारी कथा जमिनीच्या व्यवहाराची आहे. बायको सारा वारली, पुरायला जागा नाही. जन्मभर तंबू ठोकत फिरलेला हा म्हातारा हेब्रोनच्या वेशीपाशी जमलेल्या गावकऱ्यांपुढे वाकतो, मी उपरा आहे हे आपणहून सांगतो आणि एफ्रोनच्या शेताच्या कडेची गुहा विकत मागतो. एफ्रोन म्हणतो, विकत कसली, अशीच घ्या. मग सहज बोलल्यासारखा आकडा टाकतो: चारशे शेकेल चांदी, तुमच्या-माझ्यात तेवढ्याचं काय एवढं! कोकणात जमीन घेतलेल्या कुणालाही हा एफ्रोन ओळखीचा वाटेल. अब्राहाम भाव करत नाही. पंचांदेखत चांदी तोलून देतो. शेत, गुहा, हद्दीतली झाडं, सगळं एखाद्या खरेदीखतासारखं उत्पत्ती या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात नोंदलेलं आहे.

हा माणूस खरोखर होऊन गेला, याचा पुरावा उत्खननात मिळालेला नाही. त्याने कुणाचं काही अडलं नाही. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान मिळून जगातली निम्म्याहून जास्त माणसं त्याला आपला मानतात. ज्यूंच्या रोजच्या प्रार्थनेत तो आहे, नमाजातल्या दरूद या प्रार्थनेत आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच ओळीत त्याचं नाव येतं. आपल्या अलिबागच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली, पिढ्यान्‌पिढ्या धर्मग्रंथांवाचून जगले. पण मुलाची आठव्या दिवशीची सुंता त्यांनी सोडली नाही. अब्राहामने देवाशी केलेला करार असा अंगावर टिकला. नाव मात्र गावच्या वळणावर गेलं आणि अब्राहामचा आबाजी झाला.

वारशात त्याच्या उणिवाही आल्याच. दासी हागार आणि तिचा मुलगा इश्माएल यांना त्याने पाण्याची एक पखाल देऊन रानात पाठवलं. इस्लामी परंपरेत तीच हाजरा. हजला गेलेला प्रत्येक जण सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात फेऱ्या घालतो, त्या पाण्यासाठी धावलेल्या या बाईच्या. कुलपुरुषाइतकाच तिचाही ठसा उमटला, हे मला न्याय्य वाटतं.

हेब्रोनच्या त्या गुहेवर हेरोद राजाच्या काळातल्या दगडी भिंती आजही उभ्या आहेत. तेराव्या शतकात मामलुक राज्यकर्त्यांनी ज्यूंना आत मज्जाव केला. पुढे त्यांनी बाहेरच्या सातव्या पायरीपर्यंतच यायचं, अशी रीत १९६७ पर्यंत चालली. १९२९ मध्ये याच शहरात ६७ ज्यू मारले गेले. २५ फेब्रुवारी १९९४ ला, रमजानात, पहाटेच्या नमाजाला बसलेल्या २९ जणांना एका ज्यू वसाहतवाल्याने गोळ्या घातल्या. तेव्हापासून वास्तूच्या वाटण्या झाल्या आहेत. वर्षातले दहा दिवस ती पूर्ण ज्यूंना, दहा दिवस पूर्ण मुसलमानांना; एरवी आपापल्या भागात. बायबल सांगतं की बापाला साराचा मुलगा इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून तिथं मूठमाती दिली. भाऊबंदकी पुढच्यांची.

आणि भांडण कशावर? देवाच्या सांगण्यावरून बळी द्यायला बापाने सुरी धरली ती कोणत्या मुलावर, यावरही. ज्यू आणि ख्रिस्ती इसहाक म्हणतात. कुराणातल्या त्या प्रसंगात मुलाचं नाव नाही. बहुतेक मुसलमान इश्माएल, म्हणजे त्यांचा इस्माइल, मानतात. बकरी ईद त्याच प्रसंगाची. ती श्रद्धा थोर असेल, पण मला तिची धास्तीच वाटते. देव मुलगा मागतो आणि बाप एकदाही ‘का’ विचारत नाही.

हाच बाप त्याआधी देव बेचिराख करायला निघालेल्या सदोम गावासाठी त्यालाच अडवून उभा राहिलेला आहे. गावात पन्नास सज्जन निघाले तर गाव वाचवशील ना? पंचेचाळीस? चाळीस? तीस, वीस, दहा? एफ्रोनपुढे चकार शब्द न काढणारा माणूस परक्या, बदनाम गावासाठी थेट देवाशी घासाघीस करतो. कुराणातल्या हूद सुरेतही इब्राहिम लूतच्या, म्हणजे सदोमच्याच, लोकांसाठी असाच वाद घालतो. म्हणजे हा वारसाही सामाईकच आहे. त्यावर हक्क सांगायला मात्र फारशी गर्दी होत नाही.

उत्पत्तीचं पुस्तक कधी हाती आलं, तर सुरीच्या बाविसाव्या अध्यायाकडे जाण्याआधी घासाघिशीचा अठरावा वाचा.