श्वास रोखून धरा

रुग्णालयात ज्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते, असा माणूस म्हणजे क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ. डॉक्टरांचे नाव रुग्णाच्या ओठी असते, परिचारिकेला तो ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो; परंतु ज्याने आपल्या मोडक्या हाडाचे चित्र टिपले, त्याचा चेहराही त्याला आठवत नाही. हा माणूस घडतो कसा, याचा विचार आम्हीही फारसा केला नव्हता. आमची भाची हे शिक्षण घेऊ लागली आणि तो विचार घरात आला.

आम्ही उमरखेड तालुक्यातील ढाणकीचे. या कापसाच्या मुलखात पडून हात मोडला, किंवा कुणाचा खोकला हटेना, की मोठ्या तपासणीसाठी माणसे उमरखेड, पुसद, नांदेडची वाट धरतात. काही यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जातात. दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते. अशा माणसाचा एक्स-रे अस्पष्ट निघाला, तर त्याची किंमत त्याच्या घराला मोजावी लागते.

पुस्तकात छातीच्या एक्स-रेची कृती चार ओळींची आहे. रुग्णाची छाती फिल्मकडे, नळी सहा फुटांवर, खांदे पुढे झुकवलेले, म्हणजे फऱ्याची हाडे फुप्फुसांवरून बाजूला सरतात. मग श्वास पूर्ण भरून रोखायचा. परंतु समोर उभी असते ती कमी ऐकू येणारी, गोरमाटी बोलणारी आजी. ‘श्वास घ्या’ म्हटले की ती नेमका सोडते! भाचीला तिच्या वरिष्ठ तंत्रज्ञांनी शिकविले, की शब्द पुरे, आपणच तिच्यासमोर छाती भरून श्वास घ्यावा. आजी पाहून तसेच करते. सासूबरोबर आलेल्या सुनेला ‘दिवस गेले आहेत का?’ हे एकांतात कसे विचारावे, डावे-उजवे दाखविणारी खूण प्रत्येक चित्रावर का हवी, हेही ती रुग्णांच्या सहवासातच शिकली. प्रात्यक्षिक प्रशिक्षण म्हणतात ते हेच.

मात्र याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली. एका रुग्णालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) पहिल्याच महिन्यात तिला रात्रपाळीला एकटे ठेवण्यात आले. अपघातातील रुग्ण आला. वरिष्ठांना निरोप धाडले, कोणी आले नाही. वेदनेने तळमळणाऱ्या त्या माणसाचे चित्र तिला दोनदा घ्यावे लागले. विद्यार्थी म्हणजे बिनपगारी हात, असे जिथे समजले जाते तिथे शिक्षण होत नाही. आणि दुप्पट किरणांचा भार रुग्णाच्या अंगावर पडतो.

हा भार डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी अडचण. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना या किरणांचा शोध लागला, तेव्हा त्यांचा धोका कोणालाच ठाऊक नव्हता. जर्मनीतील हॅम्बर्ग येथे १९३६ मध्ये या किरणांच्या हुतात्म्यांचे स्मारक उभारले गेले; त्यावर प्रारंभी १६९ नावे होती. आज आपल्या देशात १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत: कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३० पेक्षा अधिक नाही. छातीवरचा बिल्ला ही मोजदाद ठेवतो. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते, हे गणित वर्गात समजते. पण ऐन घाईत दोन पावले मागे सरण्याची सवय कोणीतरी शेजारी उभे राहून लावावी लागते.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी आपणा सर्वांना परिचित आहे. त्याने जखमीला उतारशाळेत नेले आणि तेथल्या रखवालदाराच्या हाती सोपविले. त्या रखवालदाराचे नाव कोणी विचारत नाही. तरी सोपविलेल्या जखमीची निगा पुढे त्यालाच राखायची होती. क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञ आम्हाला त्याच्या कुळातला वाटतो.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कन्या परिचारिका झाल्या. आता २०२१ च्या कायद्याने क्ष-किरण तंत्रज्ञांसह इतर आरोग्यव्यवसायांसाठीही राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आहे. ७ डिसेंबर २०२४ पासूनच्या क्षयरोग मोहिमेत हाती धरता येणारी एक्स-रे यंत्रे गावोगावी नेली गेली. यंत्र दारी आले, तरी ते धरणारा हात शिकलेलाच हवा. म्हणून वाचकहो, मुलांना या शिक्षणास पाठविताना केवळ शुल्क आणि प्रमाणपत्र विचारू नका; प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, किती महिने, आणि रात्रपाळीला शेजारी कोण असेल, हेही विचारा. शहरातील कुटुंबांनी अशा परगावच्या विद्यार्थ्याला एखादी खोली, एखादे जेवण द्यावे. आणि जे आज त्या विभागांत वरिष्ठ आहेत, त्यांनी नवख्या मुलीला एकटे सोडू नये. तिने नीट टिपलेल्या एका चित्रामुळे ढाणकीच्या एखाद्या मजुराची दुसरी खेप वाचणार आहे.