बिनकरंटचा फास

सोमवार, ३ जून २०२४

सकाळी माण तालुक्यातले एक काका आले. वय सत्तरीच्या आसपास. शौचाला अधूनमधून लाल रक्त पडतं, गावात मूळव्याधीचं औषध वर्षभर चालू आहे. हृदयात स्टेंट बसवलेला, म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन. तपासून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, सुचवली, तर त्यांचा पहिला प्रश्न आजाराबद्दल नव्हताच. "साहेब, एकोणतीसला माउली आळंदीतनं निघत्यात. मला चालायला जमंल का?"

"आधी आत काय आहे ते बघू, काका. मग सांगतो."

अ‍ॅस्पिरिन बंद करू नका, हे मुलाला दोनदा सांगितलं. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी मांसल वाढ, काढायच्या भीतीने लोक परस्पर गोळी थांबवतात आणि हृदयाचा धोका ओढवून घेतात. लहान पॉलिप काढण्यासाठी अ‍ॅस्पिरिन थांबवावी लागत नाही.

गुरुवार, ६ जून

काकांची तपासणी झाली. औषधाचं पाणी त्यांनी नेमाने प्यायलं होतं, आतडं लख्ख. मूळव्याध होतीच, रक्त बहुधा तिचंच. पण डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये ७ मिलिमीटरचा एक पॉलिप आणि उजव्या बाजूला ४ मिलिमीटरचा दुसरा.

सिस्टरांनी विचारलं, "सर, प्लेट लावू?" म्हणजे करंट वापरताना मांडीला चिकटवतात ती कॉटरीची प्लेट. नको म्हटलं. एक सेंटिमीटरच्या आतल्या बसक्या पॉलिपसाठी मला आता करंट लागत नाही. पातळ तारेचा कोल्ड स्नेअर, म्हणजे बिनकरंटचा फास, मागितला.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. आधी दुर्बीण फिरवून पॉलिप पडद्यावर घड्याळाच्या पाच-सहाच्या जागी आणायचा, कारण हत्यार तिथूनच बाहेर येतं. मग फास उघडून पॉलिपच्या भोवती, पण पॉलिपला चिकटून नव्हे. चहूबाजूंनी एक ते दोन मिलिमीटर निरोगी अस्तर फासात आलं पाहिजे. हवा थोडी काढून घ्यायची, म्हणजे अस्तर सैल होऊन तारेत येतं. मूठ सावकाश, पूर्ण मिटायची. करंट वापरताना आपण पॉलिप वर उचलून भिंतीपासून तंबूसारखा ताणून धरतो, जेणेकरून खालची भिंत भाजू नये. इथे भाजायचंच नाही, त्यामुळे उचलायचंही नाही. उचललं की कडेचं निरोगी अस्तर निसटतं आणि आपण नेमकं जे मिळवायला बसलो तेच जातं.

तार कापून बाहेर आली की लगेच रक्त झिरपतं. नवख्या डॉक्टरला आणि पडद्याकडे बघणाऱ्या नातेवाइकाला याचीच धास्ती वाटते. पाण्याची धार मारत थांबावं, बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं. त्याच धारेने जखम फुलून वर येते आणि कडा नीट बघता येतात. कधी जखमेच्या मधोमध पांढुरकी दोरी उभी दिसते. तो उरलेला पॉलिप नव्हे, खालच्या थराचे धागे असतात. शेवटी दोन्ही तुकडे दुर्बिणीतून खेचून जाळीच्या डबीत घेतले आणि वेगवेगळ्या बाटल्यांत पॅथॉलॉजीकडे पाठवले.

रविवार, ९ जून

सुटी. जुनी टिपणं काढून बसलो.

दुर्बिणीतून पॉलिप काढायला सुरुवात झाली १९६९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी तारेच्या फासातून करंट सोडला आणि पोट न उघडता पॉलिप बाहेर काढला. तोवर यासाठी शस्त्रक्रिया व्हायची. त्या दोघांचे उपकार किती, हे सांगायला शब्द कमी पडतात. करंटने रक्तवाहिनी तिथल्या तिथे जळून बंद होते. मोठ्या किंवा जाड देठाच्या पॉलिपला आजही ते हवंच आहे.

पण सवय पुढे सगळ्याच पॉलिपना लागू झाली. तांदळाच्या दाण्याएवढ्या पॉलिपलाही करंट दिला जाऊ लागला. करंटची उष्णता अस्तरापाशी थांबत नाही, खालच्या थरातल्या जाड वाहिन्यांपर्यंत जाते. तिथला जळका भाग पाच-सात दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी गळतो आणि रक्तस्राव सुरू होतो. तेव्हा रुग्ण घरी असतो.

म्हणून मला तैवानमधला एक अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. सहा केंद्रांमध्ये ४ ते १० मिलिमीटरचे पॉलिप असलेले चार हजारांवर लोक चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले. बिनकरंटच्या गटात २,१३७ पैकी ८ जणांना नंतर रक्तस्राव झाला, करंटच्या गटात २,१३३ पैकी ३१ जणांना. गंभीर स्वरूपाचा पहिल्या गटात एकाला, दुसऱ्यात आठ जणांना. निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आला. त्याआधी जपानमधल्या बारा संस्थांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं होतं की ४ ते ९ मिलिमीटरचे पॉलिप मुळासकट निघण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत जवळपास सारखंच आहे : बिनकरंट ९८.२ टक्के, करंटने ९७.४ टक्के.

साधारण दीड टक्का आणि अर्धा टक्का यात एवढं काय, असं एका स्नेह्याने मागे विचारलं होतं. फरक इथे साताऱ्यात बसून कळत नाही. माणमधल्या एखाद्या वाडीत रात्री दोनला रक्त पडायला लागलं तर गाडी शोधायची, दहिवडीला यायचं, तिथून साताऱ्याला. एंडोस्कोपीची सोय, ती करणारा डॉक्टर, रक्तपेढी, सगळं एका ठिकाणी उघडं मिळेपर्यंत सकाळ होते. मुंबईत जो रक्तस्राव म्हणजे एक रात्र दवाखान्यात, तोच तिथे जिवावर बेततो. आपल्या गावांसाठी कोल्ड स्नेअरचं महत्त्व जास्त आहे, कमी नाही.

मंगळवार, ११ जून

शिकायला येणाऱ्या डॉक्टर मुलीने ३ मिलिमीटरचा पॉलिप पाहिला आणि विचारलं, "सर, फोर्सेप्सनेच काढते ना? हातात आहेच."

हा मोह सगळ्यांना होतो. बायोप्सीचा चिमटा तयार असतो, तुकडा हमखास हाती लागतो, नवा स्नेअर उघडायचा खर्च वाचतो. पण चिमटा कुरतडत घेतो. पहिल्या चाव्यानंतर रक्त येऊन जागा झाकली जाते, उरलं काय ते दिसत नाही. कोरियातल्या एका तुलनेत ५ मिलिमीटरपर्यंतचे पॉलिप स्नेअरने ९३ टक्के वेळा पूर्ण निघाले, चिमट्याने ७६ टक्के वेळा.

इथे जाणकारांचं एकमत नाही. अमेरिकी संस्थांच्या २०२० च्या शिफारशी २ मिलिमीटरपर्यंत मोठ्या जबड्याचा चिमटा चालेल म्हणतात. युरोपीय संस्थेने यंदाच सुधारलेल्या शिफारशींत चिमट्याला नकारच दिला आहे. माझं मत मधलं आहे. एकाच चाव्यात कडेसकट येईल एवढा इवलासा, आणि स्नेअर बसणार नाही अशा वळणावरचा असेल तर चिमटा घ्यावा. दुसरा चावा घ्यावा लागणार असं दिसलं की स्नेअर मागावा. करंट जोडलेला हॉट बायोप्सीचा चिमटा मात्र कपाटातच राहू द्यावा. तो भिंतही भाजतो आणि तुकडाही जाळून टाकतो, मग पॅथॉलॉजिस्टने वाचायचं काय?

तिने स्नेअरने काढला. कडा स्वच्छ आल्या.

शुक्रवार, १४ जून

काकांचा रिपोर्ट आला. दोन्ही ट्युब्युलर अ‍ॅडिनोमा, लो ग्रेड. कॅन्सर नाही. पुढेमागे कॅन्सरच्या वाटेवर जाऊ शकले असते असे.

एक-दोन छोटे अ‍ॅडिनोमा पूर्ण निघाले असतील तर पुढची तपासणी सात ते दहा वर्षांनी. या मुदतीचा सगळा भार 'पूर्ण' या शब्दावर आहे. उत्तर अमेरिकेतल्या आठ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये आलं. कोलोनोस्कोपी होऊनही नंतर कॅन्सर झालेल्यांत निम्म्याहून थोड्या जास्त जणांच्या बाबतीत गाठ बहुधा नजरेतून सुटली होती आणि सुमारे पाचव्या हिश्शात पॉलिप अर्धवट निघाला असावा. ज्याला "काढलं, आता निर्धास्त राहा" असं सांगितलं, त्याच्याच बाबतीत हे घडतं. त्या एक-दोन मिलिमीटर कडेसाठी मी दोन मिनिटं जास्त का घालवतो, याचं कारण एवढंच.

मुलाला फोनवर सांगितलं, काकांना वारीला जाऊ द्या. काळं किंवा भरपूर लाल रक्त पडलं तर पालखीसोबतच्या आरोग्य पथकात लगेच दाखवा आणि रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेवा.

शनिवार, २२ जून

आज एका गृहस्थाला करंटच वापरला. देठ असलेला, दीड सेंटिमीटरचा पॉलिप. देठात जाड वाहिनी असते, तिथे बिनकरंट कापणं धोक्याचं. तसंच मध्ये खळगा पडलेला, कडक, खाली रुतलेला पॉलिप दिसला आणि कॅन्सर आत शिरल्याची शंका आली तर कोल्ड स्नेअर नको. तो वरवरचा थर घेतो, किती खोल गेलाय हे पॅथॉलॉजिस्टला कळत नाही.

दुपारी पेसमेकरवाल्या आजी. त्यांचा ६ मिलिमीटरचा. करंटच नाही म्हटल्यावर पेसमेकरची काळजी उरली नाही.

शनिवार, २९ जून

काकांच्या मुलाचा फोन. वडील आळंदीत पोचले, तब्येत ठीक, रक्त पुन्हा दिसलेलं नाही. काढून तीन आठवडे उलटले, म्हणजे त्या जखमांची भीती संपली.

ही पानं छापायला देताना वाचकांना एवढंच सांगतो. आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी सरकारी तपासणी आहे, मोठ्या आतड्यासाठी देशव्यापी अशी नाही. म्हणून शौचातून रक्त आलं तर मूळव्याध ठरवून वर्ष काढू नका, तपासून घ्या. कोलोनोस्कोपी ठरली की आधीच विचारा : छोटा पॉलिप सापडला तर त्याच वेळी काढणार का, करंटने की बिनकरंट, आणि माझ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं काय करायचं? रिपोर्ट हातात आला की पॉलिप पूर्ण निघाला का आणि पुढची तपासणी कधी, हे कागदावर लिहून मागा.